बटण दाबायचं राहिलं

शीतलची आई,

परवा विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. लोक चांगलं बोलले. मायाळू होती, कष्टाळू होती, दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. मी मान हलवत बसलो होतो. मनात म्हटलं, ही माणसं दुसऱ्याच कुठल्या बाईबद्दल बोलायलेत. आमची भांडकुदळ होती, ते कुणीच सांगेना.

आता शीतलला तुझ्यावर छोटं पुस्तक छापायचंय. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही पण लिहा." मी म्हटलं, "चौथी शिकलेला ट्रेलर ड्रायव्हर मी. काय लिहू?" तर म्हणते, "आईशी बोलता तसं लिहा." आपण जे बोलायचो ते छापण्यासारखं कुठं असायचं? तरी लिहितो. गोड लिहायला बाकीचे आहेत. मी टीव्हीखालच्या त्या काळ्या डब्याबद्दल लिहिणार आहे. तू गेलीस तेव्हापासून मला त्याची भीती वाटत होती. घरात माणसं भरली होती, बायका रडत होत्या, तेव्हा सुद्धा माझी नजर त्याच्याकडं जायची आणि मी तोंड फिरवायचो. लोकांना वाटायचं, म्हातारा रडू लपवतोय.

वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. तो डबा म्हणजे कॉम्प्युटर आहे. तयार विकत आणलेला नाही, तू एकेक पार्ट आणून जोडलेला. एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर तू बिलं बनवायला होतीस. मशीन अडलं की शेठनं ओरडायच्या आधी तूच झाकण उघडून आत तोंड घालायचीस. तू काम सोडलंस तेव्हा शेठनं गाळ्यावरचा जुना मोठा कॉम्प्युटर तुला देऊन टाकला. सानपाड्याच्या आपल्या एवढ्याशा घरात तो आणून ठेवला आणि माझी दुपारची झोप गेली. त्याच्या पंख्याचा असा आवाज की मी गोधडीतून ओरडायचो, "खंडाळ्याचा घाट चढायलाय का ग तुझा ट्रेलर?" लाइट गेली आणि तो इन्व्हर्टरवर लावला की इन्व्हर्टर टीं टीं करून जीव काढायचा.

एक दिवस तू चिडलीस. "थांबा आता. दुसरा बनवते. आवाज नाही, लाइट खाणार नाही, आणि चपातीच्या डब्याएवढा. मग बघू झोपता किती ते."

पार्ट यायला लागले. एक दिवस ती काळी पेटी आली. जाड, चारी बाजूंना खाचा, उचलायला जड. मी उलटी-सुलटी करून बघितली.

"पंखा कुठाय?"

"नाही पंखा."

"मग गार कोण करणार? इंजिनाला रेडिएटर नको?"

"ही अख्खी पेटीच रेडिएटर. आतली गरमी पेटीत येते, पेटीतनं हवेत जाते. खाऊन खाऊन लाइट खाणार बल्बाएवढी, गरम तरी किती होणार?"

"आवाजच नाही तर चाललंय का नाही ते कळणार कसं?"

"कामावरून. आवाज करणारे सगळे काम करत असते, तर तुम्ही मंत्री झाला असता."

मी हसलो, पण मला पटलं नव्हतं. अजून पटलेलं नाही. आयुष्यभर कळंबोलीतनं लोखंड भरून गाडी चालवली ती कानावर. टर्बोची शिट्टी बदलली की कळतं, बेअरिंग बोलायला लागलं की कळतं. गाडी बोलत नाही म्हणजे ती बंद असते. यावर तू मला उत्तर देणार होतीस. "एकदा चालू तर होऊ द्या, मग बोलू," म्हणाली होतीस.

मग तुझं विसरणं सुरू झालं.

हे पुस्तकात नको, असं शीतल म्हणेल. मी लिहिणार. आधी चहात हळद पडली, त्यावर आपण हसलो. मग एकदा शेजारच्या कदमवहिनी तुला हाताला धरून घरी घेऊन आल्या. तू सानपाडा स्टेशनच्या बाकावर बसली होतीस. त्यांनी विचारलं तर म्हणालीस, "गाळ्यावर चाललेय, उशीर झाला." काम सोडून तुला किती काळ झाला होता. त्यावर आपण हसलो नाही. आणि मग गॅस. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस तसाच सुटलेला. मी भाजी घेऊन आलो, मला जिन्यातच वास आला. दार उघडलं तर तू टीव्ही बघत बसलेली.

"अगं वास येत नाही तुला?"

"कसला?"

एकदा घाटात माझे ब्रेक गेले होते, मागं पूर्ण लोड होता. तेव्हा सुद्धा मी असा घाबरलो नव्हतो. तुझ्या त्या "कसला"नं घाबरलो.

त्या दिवसापासून मी बाहेर जाताना सिलेंडरचा रेग्युलेटर काढून ठेवायला लागलो. चहा मी करायचो. तू तो बेसिनमध्ये ओतायचीस. डॉक्टर म्हणाले, डोक्याचा फोटो काढू, लक्ष ठेवा, एकटं सोडू नका. फोटोची तारीख लांबची मिळाली. मी गॅलरीत जाऊन हळू आवाजात शीतलला फोन केला, "आईला पुण्याला तुझ्याकडं घेऊन जा, मला एकट्याला भीती वाटते." वळलो तर तू दारात उभी.

मला वाटलं आता भांडी उडणार. तू भांडली नाहीस. त्याचीच जास्त भीती वाटली. तू पार्टांचे खोके काढलेस आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडलेस.

"पैज लावा," म्हणालीस. "हे सगळं मी जोडणार. कुणी सांगायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. तुम्ही फक्त टॉर्च धरा. जोडून चालू झाला तर माझं डोकं जाग्यावर आहे. मग गॅस माझा, आणि पुण्याचं नाव काढायचं नाही. मी हे घर सोडून कुठं जाणार नाही."

"आणि नाही चालला तर?"

तू स्क्रूची पुडी हातात फिरवत राहिलीस. "नाही चालला तर मी स्वतः बॅग भरते. तुम्हाला बोलायला लावणार नाही." मग म्हणालीस, "शीतलला यातलं सांगायचं नाही."

तू जोडायला बसलीस ते दिवस मला आठवतात. खोक्याचा पुठ्ठा अंथरून त्यावर ती हिरवी पाटी ठेवलीस, सगळे पार्ट जिच्यावर बसतात ती, तळहाताएवढी. चष्मा नाकावर. आणि मग उठलीस, नळापाशी गेलीस, नळाला हात लावलास आणि तशीच परत येऊन बसलीस. थोड्या वेळानं परत उठलीस, परत नळाला हात. पाणी नाही, काही नाही. म्हटलं, हिला कळेना झालंय आपण कशाला उठलो.

"पाणी पाहिजे का ग?" मी विचारलं, शक्य तेवढं गोड.

तू माझ्याकडं बघितलंस. ओळखलंस मी काय विचार करतोय ते. "अंगातली वीज उतरवते हो. लोखंडाला हात लावला की उतरते. नाहीतर ही पाटी एका झटक्यात जाते. येडी नाही झाले अजून."

मी परत टॉर्च धरून बसलो. पण खरं सांगतो, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

मग आतली गरमी पेटीत पोचवायची ती पेस्ट. मी म्हटलं, एवढीशी? तू म्हणालीस, वाटाण्याएवढीच, तुम्ही ग्रीस थापता तशी नाही. बारीक बारीक पिनांवर वायरी बसवताना तुझा हात थरथरायचा.

"टॉर्च हलवू नका."

"तुझा हात हलायलाय."

"टॉर्च हलायलाय, हात नाही."

दोन्ही हलत होतं. तुला पण माहीत होतं, मला पण.

सगळ्यात शेवटी एक वायर राहिली. मी दाखवली, "ही राहिली की." तू म्हणालीस, "ती चालू-बंदच्या दिव्याची. राहू द्या. ते निळं लुकलुकणं नको डोळ्यात. मुद्दाम सोडलीय." आणि झाकण लावून टाकलंस. तो "मुद्दाम" माझ्या मनात काट्यासारखा बसला. मुद्दाम सोडली, का विसरली आणि आता मुद्दाम म्हणतेय?

डबा टीव्हीखाली ठेवला. टीव्हीला वायर लावली, प्लग लावला. मी म्हटलं, "दाब बटण."

"उद्या," म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "आज लाइटचा भरवसा नाही." तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "आज शीतलचा फोन यायचाय." कुकरच्या शिट्ट्या पुऱ्या व्हायची वाट न बघणारी बाई तू. रोज फडकं घेऊन जायचीस, डबा पुसायचीस, बटणाभोवतीची धूळ काढायचीस आणि फडकं घेऊन परत यायचीस. मला कळत होतं तू घाबरलीस. मी पण घाबरलो होतो, म्हणून एकदा पण "मी दाबू का?" म्हटलं नाही. आपण दोघं त्याच्यासमोर बसून जेवायचो, सीरियल बघायचो. पुण्याचा विषय नाही, गॅसवरून भांडण नाही. एवढे शांत दिवस आपल्या घरात कधी गेले नव्हते. मला ते दिवस आता गोड वाटतात. तेव्हा मात्र मी जेवताना सारखा त्या बटणाकडं बघायचो.

आणि मग सकाळी पाणी भरता भरता "छातीत कसंतरीच होतंय" म्हणून तू खाली बसलीस. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ते मी लिहिणार नाही.

पाहुणे गेले. शीतल पण ड्युटीवर गेली, रविवारी येते म्हणाली. जाताना तिनं सहज विचारलं, "बाबा, आईचा तो डबा घेऊन जाऊ का? ऑफिसात एक जण आहे, उघडून बघेल." मी तिच्यावर ओरडलो, "हात लावू नको त्याला!" पोरीचा चेहरा पडला. तिला काय सांगू? कुणीतरी परका माणूस तो डबा उघडणार, आत बघणार आणि म्हणणार, काकूंनी हे उलटंच बसवलंय की. ते ऐकायला मी जिवंत पाहिजे का?

ती गेली आणि घर असं गप्प झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. काल दुपारी म्हटलं, बघूनच टाकू. काय व्हायचं ते होऊ दे.

खाली बसलो. बोट बटणावर ठेवलं. शीतलची आई, ते बटण शर्टाच्या बटणाएवढं आहे. माझं बोट तिथनं पुढं जाईना. कसंतरी दाबलं.

काही नाही.

कान लावला. आत काही नाही. घरघर नाही, टिक नाही. टीव्ही काळा. दिवा तर तू जोडलेलाच नव्हता. परत दाबलं. काही नाही. परत, परत. किती वेळा दाबलं कोण जाणे. मग पाय पसरून तिथंच भिंतीला टेकलो.

म्हणजे तुझं डोकं गेलेलं होतं. बाई गेली, आणि तिच्या आधी तिचं डोकं गेलं होतं. मग मला एक भलतीच भीती वाटायला लागली, ती मागं मागं पळत गेली. दिव्याची वायर मुद्दाम नव्हती, विसरली होतीस. नळाला हात लावत होतीस ते उगाचच होतं. शेवटी शेवटी मला "अहो" म्हणत होतीस, ते मी कोण आहे हे माहीत असून, का नुसती जिभेची सवय? मंत्री झाला असता म्हणून टोमणा मारलास, तेव्हा तरी तू होतीस का? नक्की कुठल्या दिवसापर्यंत माझी बायको माझ्यासोबत होती, आणि कुठल्या दिवसापासून मी एकटाच होतो? एकेक दिवस हातातनं सुटत चालला. म्हटलं, हे असंच मागं गेलं तर लग्नापर्यंत काही उरणार नाही.

रागानं एकदा शेवटचं बटण दाबलं. तेवढ्यात बेल वाजली.

कदमवहिनी होत्या, हातात जेवणाचा डबा. दार उघडायला मी भिंत धरत गेलो.

"भाऊ, पडलात का काय?"

"नाही, खाली बसलो होतो."

"खाली कशाला? खुर्च्या विकल्या? जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

मी रिकाम्या ओट्याकडं बघितलं.

"वाटलंच. त्या असत्या तर लाटणं घातलं असतं डोक्यात. बसा. वांग्याची भाजी आहे, भाकरी आहे. आणि डबा घासून द्यायचा, बरं का. बायको गेली म्हणून सूट नाही."

त्या समोर बसल्या, मी खाल्लं. सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलल्या, लिफ्टबद्दल बोलल्या, तुझ्याबद्दल बोलता बोलता थांबल्या. बराच वेळ बसून गेल्या.

त्या गेल्यावर म्हटलं, हा तुझा काळा डबा इथनं हलवायचा. माळ्यावर टाकायचा, डोळ्यासमोर नको. वायरी ओढायच्या आधी हात त्याच्या अंगाला लागला. हाताची मागची बाजू. ती आमची ड्रायव्हर लोकांची सवय. ढाब्यावर गाडी थांबली की आधी चहा नाही, आधी सगळ्या चाकांभोवती फेरी आणि प्रत्येक चाकाच्या मधल्या हबला हाताची मागची बाजू लावायची. भाजलं तर बेअरिंग गेलं. एक गार आणि बाकी गरम, तरी काहीतरी बिघडलंय. सगळे सारखे कोमट असले की मग चहा.

डबा कोमट होता.

आधी वाटलं ऊन पडलंय. ऊन गॅलरीतच होतं, आत आलेलंच नव्हतं. वरून हात लावला. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला. सगळीकडं सारखा. लांबच्या पल्ल्यावर नीट चाललेल्या चाकाचा हब लागतो, तस्सा. बंद पडलेली गोष्ट गार पडते, शीतलची आई. हे मला हॉस्पिटलात नुकतंच कळलं होतं.

हात काढायची भीती वाटत होती. एक हात तिथंच ठेवून दुसऱ्या हातानं शीतलला फोन लावला.

"शीतल, तो डबा गरम लागतोय."

"बाबा! जळका वास येतोय का? प्लग काढा आधी!"

"वास नाही. चांगला गरम आहे."

"चांगला गरम म्हणजे काय?"

"चांगल्या चाकासारखा."

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?" मग म्हणाली, "टीव्हीवर काय दिसतंय?"

"टीव्ही काळा आहे."

"रिमोट घ्या, टीव्ही चालू करा. वरच्या बाजूला चौकोनात बाण घुसल्यासारखं चित्र असेल, ते दाबा. यादी आली? खाली या. अजून एक खाली. आता मधलं दाबा."

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. इंग्रजी.

"अक्षरं आलीत."

"वाचा."

"एन. ओ. मग बी. मग दोन ओ, टी. पुढं बरंच आहे." मी डब्यावर हात दाबून धरला. "बिघडलंय का ग? खरं सांग मला. मला चालेल."

"बाबा, ते म्हणतंय, सुरू करायला आत काही सापडत नाही. त्यात अजून काही भरलेलंच नाही ना. ते मी रविवारी येऊन भरते. पण मशीन चालू आहे."

"चालू आहे? मग आवाज?"

"त्याला आवाज नाहीच, बाबा. तुम्ही परत परत बटण दाबलं असणार. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद."

"जोडलंय ते बरोबर?"

"बरोबर असल्याशिवाय एवढं पण लिहून आलं नसतं."

"एक पण वायर चुकली नाही?"

"नाही बाबा. आईनं जोडलंय ते." मग तिला रडू फुटलं. माझा हात अजून डब्यावर होता.

लोक मला भेटायला येतात आणि जाताना म्हणतात, "एका परीनं सुटली हो, पुढचं बघावं लागलं नाही." मी हो म्हणायचो. मला त्याचा आधार वाटायचा. तू थोडी थोडी जातच होतीस, मग एकदम गेलीस, एवढंच, अशी मी माझी समजूत घातली होती. कालपासून तो आधार पण गेला. तू गॅस विसरलीस हे खरं. आणि त्या सुईएवढ्या पिनांवर एकेक वायर बरोबर बसवलीस, हे पण खरं. ते करताना तू होतीस. टोमणा मारताना होतीस. फडकं घेऊन बटणाभोवती पुसत होतीस आणि घाबरत होतीस, तेव्हा सुद्धा पूर्ण होतीस. म्हणजे मी अर्धं माणूस गमावलेलं नाही. अख्खं गमावलंय. याची मला आधीपेक्षा जास्त भीती वाटते, आणि तरी हेच पाहिजे होतं. एवढा विचार पहिल्यांदाच केला मी आयुष्यात, डोकं दुखायला लागलंय.

पंख्याच्या भांडणात तू बरोबर निघालीस, तेवढं कबूल. आवाज नसताना चालतं. पण मला ते आवडणार नाही म्हणजे नाहीच. घरात काहीतरी वाजलं पाहिजे.

पैजेचं शीतलला अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की तिला कळेल. येऊ दे तिला राग.

पैज तू जिंकलीस. जिंकलीस तर हे घर सोडून कुठं जायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलं होतं का नाही, सांग.